दातांचं अनेकवचन

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला दिवसभर जबड्यांची सोबत असते, पण त्यातला एकही बोलत नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिथे तो एकोणीस वर्षं बसत होता. समोर प्लास्टरचे साचे, स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेण आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये रांगेने मांडलेले दात, पुढचे सहा-सहा, मागचे आठ-आठ. पेशंट पुढच्या खोलीत यायचे आणि तिथूनच परत जायचे. त्याच्यापर्यंत पोचायच्या त्या फक्त त्यांच्या हिरड्या. स्वभावाने तो इतका मऊ होता की पॉलिशच्या चाकाने बोट सोलवटलं तरी तो चाकाचीच माफी मागेल, असं त्याची बायको म्हणायची. बायको शहरातली बस चालवायची. दिवसभर हॉर्न आणि प्रवाशांची तोंडं ऐकून आल्यावर तिला असा नवरा मानवायचा.

क्लिंगॉन भाषा त्याच्या आयुष्यात आली ती दातांच्याच वाटेने. एकदा सात जण एकत्रच दवाखान्यात आले आणि त्यांनी आपल्या चांगल्या-भल्या दातांवर बसवायला वेडेवाकडे, अणकुचीदार दात मागितले. डॉक्टरीणबाईंनी हात झटकले आणि त्यांना मागच्या खोलीत पाठवून दिलं. क्लिंगॉन म्हणजे पडद्यावरच्या एका काल्पनिक ग्रहावरचे लढवय्ये, कपाळावर हाडांच्या वळकट्या असलेले, हे त्याला तेव्हा कळलं. त्यांच्यासाठी कोणीतरी बसून खरोखरची भाषा रचली होती, शब्दकोशासकट, व्याकरणासकट, आणि हे सात जण दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमून ती शिकत होते. त्यांचा म्होरक्या करखात्यात कारकून होता. बाकीचे त्याला सेनापती म्हणत.

दात तयार झाल्यावर ते नीट बसलेत का हे बघायला तो एका शनिवारी वाचनालयात गेला. एका गुबगुबीत बेकरीवाल्याने त्याने बनवलेले सुळे तोंडात घातले आणि घशाच्या तळातून असं एक वाक्य काढलं की खिडकीची काच थरथरली. आपण घडवलेल्या दातांतून असा आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. वाक्याचा अर्थ ‘माझी खुर्ची कुठे आहे’ एवढाच होता, हे त्याला नंतर समजलं. पण तोवर उशीर झाला होता. पुढच्या शनिवारी तो वही घेऊन हजर झाला.

त्यानंतर तो पहिल्या पायरीच्या परीक्षेला दोनदा बसला आणि दोन्ही वेळा नापास झाला. शब्द त्याला पटापट पाठ व्हायचे, उच्चारही बरे जमायचे, पण व्याकरण ओल्या साबणासारखं हातातून सटकायचं. या भाषेत क्रियापदाला मागून नऊ प्रकारचे प्रत्यय लागतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. एक इकडचा तिकडे झाला की वाक्याची वाट लागते. तो रात्रीची भांडी घासताना बोटांवर प्रत्यय मोजायचा आणि सहाव्यावर अडकायचा.

अशात सासूबाई राहायला आल्या. त्यांच्या इमारतीतले पाण्याचे सगळे पाइप बदलायचे निघाले होते आणि नळवाल्यांनी तीन आठवडे सांगितले होते. ते तीन आठवडे नळवाल्यांचे होते, त्यामुळे सासूबाईंनी येतानाच दोन बॅगा जास्त आणल्या. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत भाषा शिकवली होती, त्यातही व्याकरण. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी दुकानांच्या पाट्यांवरचं शुद्धलेखन बघून त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

त्या त्याला ‘जावईबापू’ म्हणत, तो त्यांना ‘आई’ म्हणे, आणि दोघं एकमेकांना अगदी जपून ‘तुम्ही’ म्हणत. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण एवढ्या काळात दोघांमध्ये एकही वाकडा शब्द गेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर सरळ शब्दही फारसे गेले नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात समोरासमोर आले की ‘आधी तुम्ही’, ‘छे, तुम्ही’ यात हातातला चहा निवायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांची कवळी त्यानेच बनवली होती. दर भेटीत तो विचारायचा, दात कसे आहेत. त्या म्हणायच्या, उत्तम. मग दोघं हवेबद्दल बोलायचे.

त्या आल्याला दोन आठवडे झाले असतील. शनिवारच्या वर्गासाठी त्याने वही उघडली आणि त्याला घाम फुटला. वहीभर लाल शाई होती. सेनापतीने घरी करायला दहा वाक्यं दिली होती, नात्यातल्या माणसांवर. त्याने सोय म्हणून सासूबाईंना वाक्यांत घेतलं होतं, कारण ‘सासू’चा शब्द नुकताच पाठ झाला होता: षोष्नल. दोनदा पोटफोड्या ष असल्यामुळे तो त्याला आवडायचाही. ‘सासूबाईंना कुत्रा चावतो’ असं त्याला म्हणायचं होतं. वाईट हेतू काही नव्हता, ‘चावणे’ हे क्रियापद आठवत होतं एवढंच. पण क्लिंगॉनमध्ये आधी कर्म येतं, मग क्रियापद आणि कर्ता सगळ्यात शेवटी. त्याने सवयीने कुत्रा आधी घातला होता. वाक्याखाली लाल अक्षरात, वळणदार मराठीत लिहिलं होतं: ‘इथे मी कुत्र्याला चावले आहे. कर्म आधी. पुन्हा लिहा.’

खाली आणखी होतं. त्या भाषेत ‘माझा’ दोन प्रकारचा असतो. बोलू शकणाऱ्या माणसांना एक प्रत्यय लागतो आणि न बोलणाऱ्या वस्तूंना, जनावरांना दुसरा. माणसाला दुसरा लावला तर तो अपमान होतो. त्याने दहाच्या दहा वाक्यांत ‘माझी सासू’ दुसऱ्या प्रत्ययाने लिहिली होती. प्रत्येक ठिकाणी लाल गोल होता आणि शेवटच्या गोलाशेजारी प्रश्न होता: ‘मी तुमच्या मते कपाट आहे का?’

वही कुठे लपवावी हे आता ठरवण्यात अर्थ नव्हता. तो तसाच वही घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर त्याचं व्याकरणाचं पुस्तक होतं, जागोजागी कागदाच्या खुणा घातलेलं. तो माफी मागायला तोंड उघडणार तोच त्यांनी विचारलं की, सहाव्या प्रकारच्या प्रत्ययांत ‘खात्रीने’ आणि ‘उघडच’ यांत फरक काय, तुमच्या वर्गात कोणी सांगितलाय का. त्याने नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, वाटलंच. मग चष्मा पुसून त्यांनी कबूल केलं की गेले अकरा दिवस, तो कामावर गेला की, त्या हेच करत होत्या. आयुष्यभर एकच व्याकरण शिकवलं, त्याचे सगळे अपवाद तोंडपाठ. कोरं करकरीत दुसरं व्याकरण, तेही कोणीतरी जाणूनबुजून अवघड केलेलं, हातात पडेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत सासूबाई डबा घेऊन दवाखान्यामागच्या खोलीत यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि तो दात मेणात बसवत असताना त्याच्याकडून क्रियापदं चालवून घ्यायच्या. त्याने ‘तुम्ही’ म्हणायला अनेकवचन वापरलं की त्या थांबवायच्या. ‘मी एकटी आहे,’ त्या म्हणायच्या. ‘इथे आदरार्थी अनेकवचन नाही. तू म्हणा.’ सासूला तू म्हणणं त्याच्या जिभेवर येईना. त्याने पुस्तकातून आदर दाखवणारा एक प्रत्यय शोधून काढला, जो लढवय्ये लोक वर्षातून एखाद्या वेळीच वापरत असावेत, आणि तो प्रत्येक क्रियापदाला डकवायला सुरुवात केली. दोन दिवस सासूबाईंनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोही बंद केला. एवढा आदर अंगी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

तो त्यांना तू म्हणायला शिकला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा त्याच्या हातातली मेणाची सुरी खाली पडली.

बायकोला या सगळ्याचं नवल वाटायचं. संध्याकाळी ती डेपोतून घरी येई तेव्हा स्वयंपाकघरातून दोन माणसं एकमेकांवर खेकसताना ऐकू यायची. आत बघावं तर आई कांदा चिरतेय आणि नवरा कुकर लावतोय, दोघंही खुशीत. शेजारच्या बाईंनी तिला जिन्यात हळूच विचारलं की, सगळं ठीक आहे ना. तिने सांगितलं की, बरीच वर्षं ठीक नव्हतं, आता आहे.

भांडण झालं ते दातांवरून.

परीक्षेला दीड महिना राहिला होता. लेखी भागात ‘माझं काम’ या विषयावर वीस ओळी लिहायच्या असत. सासूबाईंनीही परीक्षेचा अर्ज भरला होता, त्यामुळे दोघं एकमेकांच्या ओळी तपासत होते. त्याने पहिलीच ओळ लिहिली, ‘मी दात बनवतो’. या भाषेत अनेकवचनं तीन. बोलणाऱ्या माणसांचं वेगळं, शरीराच्या अवयवांचं वेगळं आणि बाकी सगळ्या वस्तूंचं वेगळं. दाताला म्हणतात ‘खो’, शेवटी घसा चटकन मिटून. दात हा अवयव, म्हणून त्याने अवयवांचा प्रत्यय लावून लिहिलं ‘खोडू’. सासूबाईंनी त्यावर काट मारली आणि वस्तूंचा प्रत्यय लावून लिहिलं ‘खोमेय’.

तो म्हणाला की, दात म्हणजे शरीराचा भाग, पुस्तकात दातांचं उदाहरण नसलं तरी हाताचं, कानाचं आहे. त्या म्हणाल्या, उगवलेले दात शरीराचा भाग, तुम्ही बनवता ते प्लास्टिक. तो म्हणाला, तोंडात बसतात, घास चावतात, माणूस त्यांनी हसतो, मग अजून काय करायचं त्यांनी. त्या म्हणाल्या, रात्री पेल्यात पडून राहतात. तुमचा हात कधी पेल्यात पडलेला पाहिलाय का?

एरवी तो इथे गप्प बसला असता. पण आता गोष्ट त्याच्या हातच्या कामाची होती. दुसऱ्या दिवशी त्याने फ्रिजवर चिठ्ठी लावली: ‘खोडू’, आणि खाली तीन कारणं. दुपारपर्यंत त्याखाली पाच कारणं ‘खोमेय’च्या बाजूने लागली होती. चष्म्याचं काय, कृत्रिम पायाचं काय, केसांच्या टोपाचं काय, अशा चिठ्ठ्यांनी तीन दिवसांत फ्रिजचं दार भरलं आणि बायकोला दूध काढताना ते सांभाळून उघडावं लागलं. तिचं मत विचारल्यावर तिने सांगितलं की, तिच्या बसमध्ये एक कवळी सापडली होती आणि डेपोत तिची नोंद ‘वस्तू’ या रकान्यात झाली. सासूबाईंनी लगेच ती चिठ्ठीही लावली.

शनिवारी तो सासूबाईंनाही वर्गाला घेऊन गेला आणि प्रश्न सगळ्यांपुढे मांडला. सेनापतीने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि मतदान घेतलं. तिघं इकडे, तिघं तिकडे. सेनापतीने स्वतःचं मत द्यायला नकार दिला, कारण करखात्यात त्याला हेच शिकवलं होतं. एवढंच म्हणाला की, कवी लोक मुद्दाम अवयवाला वस्तूचं अनेकवचन लावतात, तेव्हा त्याचा अर्थ ‘इकडेतिकडे विखुरलेले’ असा होतो. हे ऐकून सासूबाई फारच खूश झाल्या.

रविवारी सकाळी फ्रिजवर एकच नवी चिठ्ठी होती. सासूबाईंनी शब्दाला आणखी एक प्रत्यय जोडला होता: ‘खोमेयकोक’. त्याने शब्दकोश काढून पाहिलं. ‘कोक’ म्हणजे तथाकथित.

तो शब्द त्याला लागला. तथाकथित दात. एकोणीस वर्षांत कोणी त्याच्या कामाला असं म्हटलं नव्हतं. त्याने चिठ्ठी काढून घेतली, बाहेरच्या खोलीत गेला आणि सासूबाईंसमोर ठेवली. बायको बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, तिने आत पाहिलं आणि चिमटे हातात धरूनच ती थांबली. नवऱ्याचा असा चेहरा तिने पाहिला नव्हता.

त्याने क्लिंगॉनमध्ये विचारलं, का. हा प्रश्न मराठीत विचारायची त्याची छाती झाली नसती.

सासूबाईंनी चिठ्ठी उचलून तिची घडी घातली. मग त्याच भाषेत म्हणाल्या, ‘ओयताख खोमेयविज.’

पहिला शब्द त्याला कळला नाही. कोणाला हाक मारताहेत असं वाटून त्याने मागेही पाहिलं. मग तो शब्दकोश घेऊन टेबलाशी बसला आणि एरवी वाक्य सोडवतो तसं सोडवू लागला. ‘खोमेयविज’ म्हणजे माझे दात, पुन्हा तेच वस्तूंचं अनेकवचन. ‘ओय’ हे क्रियापद निघालं. अर्थ, दुखणे. मागे ‘ताख’ होता. एखादी गोष्ट चालू आहे हे सांगायला या भाषेत दोन प्रत्यय आहेत. एक, जे चाललंय ते कुठेतरी जाऊन संपणार असेल तर. दुसरा, ते नुसतं चालूच असेल, शेवट दिसत नसेल तर. ‘ताख’ दुसरा होता.

माझे दात दुखतात, दुखतच राहतात.

‘कधीपासून?’ त्याने विचारलं, मराठीत.

‘पहिल्या दिवसापासून,’ सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. जावयाने इतक्या हौसेने दात करून दिले, त्याला पहिल्याच आठवड्यात कसं सांगायचं म्हणून त्या उत्तम म्हणाल्या. पुढच्या भेटीत तेच म्हणाल्या. तिसऱ्या भेटीला खरं सांगावं असं मनात होतं, पण मग आधीचे दोन उत्तम खोटे ठरले असते. असं करत दोन वर्षं गेली. घरी एकट्या असताना त्या कवळी काढून ठेवत आणि सूप पीत. इथे आल्यापासून सतत घालावी लागत होती. डाव्या बाजूला खाली एक जागा अशी होती की तिथे घास गेला तर डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून त्या सफरचंद आवडत नाही म्हणायच्या. सफरचंद त्यांना फार आवडायचं.

‘जे आपलं असतं ते असं टोचत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणून मी त्यांना अवयव म्हणत नव्हते. व्याकरण म्हणून तुमचं कदाचित बरोबरही असेल.’

बाल्कनीतून बायको आत आली आणि आईशेजारी बसली. तो उठून स्वयंपाकघरात गेला. तिथे त्याने उगाचच नळ सोडला आणि बंद केला. त्याला सगळ्या भेटी आठवत होत्या, प्रत्येक ‘उत्तम’ आठवत होतं, आणि ते उत्तम त्याने डॉक्टरीणबाईंना, शेजाऱ्यांना, वर्गातल्या बेकरीवाल्यालासुद्धा कसं ऐकवलं होतं तेही. लाज वाटत होती. पण लाजेच्या खाली कारागीर जागा झाला होता आणि विचार करू लागला होता: डावी बाजू, खाली, मागून दुसरा दात असेल का.

तो बाहेर आला आणि म्हणाला की, तोंड बघू द्या. सासूबाईंनी स्पष्ट नकार दिला. जावयासमोर कवळी काढणं त्यांना कल्पनेतही सहन होईना. बायकोने समजावलं, पण त्या मानेनेच नाही म्हणत राहिल्या. शेवटी बऱ्याच वेळाने त्यांनी एक अट घातली. दात पुन्हा करायचे तर काम पुरं होईपर्यंत त्या दोघांत जे काही बोलणं होईल ते क्लिंगॉनमध्येच झालं पाहिजे.

‘का बरं?’ मुलीने विचारलं.

‘मला त्या भाषेत अजून लाजता येत नाही,’ त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी नव्याने माप घेतलं. पुढचं काम मागच्या खोलीत. जुनी कवळी त्याने जबड्यासारख्या उघडमीट होणाऱ्या सांगाड्यावर चढवली, वरचा आणि खालचा जबडा बिजागरीवर मिटवला, आणि चूक शोधायला त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. तोंड सैल मिटलेलं असताना वरच्या आणि खालच्या दातांमध्ये थोडी फट राहावी लागते. सासूबाईंच्या तोंडात ती राहिलेलीच नव्हती. दात उंच झाले होते आणि दिवसभर एकमेकांवर आदळत होते. ते उंच का झाले हेही त्याला आठवलं. दोन वर्षांपूर्वी बायकोने त्याला आईचा तरुणपणीचा फोटो दाखवला होता, मोकळं हसतानाचा. त्याला सासूबाईंना तसेच दात द्यायचे होते, लांब, भरघोस, पन्नास वर्षांपूर्वीचे. हिरड्यांनी काय मागितलंय ते त्याने विचारलंच नव्हतं. कोणाही परक्या पेशंटसाठी त्याने अशी चूक केली नसती.

हे त्याने सासूबाईंना क्लिंगॉनमध्ये सांगितलं. सांगायला अर्धा तास लागला, कारण ‘फट’ला शब्द सापडेना आणि ‘हौस’ला तर नाहीच. ‘मी तुझं तोंड पाहिलं नाही, चित्र पाहिलं’ असं त्याने शेवटी म्हटलं. सासूबाईंनी क्रियापदाच्या आधी लागणारा, कोण कोणाला ते सांगणारा एक पूर्वप्रत्यय सुधारला आणि मान डोलावली. तोंडात दात नसताना त्यांचं बोलणं फसफसत होतं, पण त्या एकदाही तोंडावर हात नेत नव्हत्या.

मेणातले दात तोंडात घालून बघायचे तेव्हा पेशंटकडून आकडे म्हणवून घेतात, स आणि फ नीट निघतात का बघायला. सासूबाईंनी आकडे म्हणायला नकार दिला. आकडे कोणालाही येतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ‘त्ल्ह’ लावला, ज्यात जीभ टाळूला चिकटवून दोन्ही गालांकडून हवा सोडायची असते. वरची रांग हलली. त्याने काढून पुन्हा बसवली. मग त्यांनी जाडा क काढला, जो पडजिभेच्याही मागून, घास अडकल्यासारखा येतो. मेणाची अख्खी रांग तोंडातून उडाली, टेबलावर आपटली आणि चार दात चार दिशांना गेले. दोघं खाली वाकून शोधू लागले. एक दात कपाटाखालून काढताना सासूबाई म्हणाल्या, ‘खोमेय.’ त्यालाही मान्य करावं लागलं. हे कवींचं अनेकवचन होतं, त्यात वादच नव्हता.

दोघं जमिनीवर बसून इतके हसले की डॉक्टरीणबाई पेशंटचं तोंड उघडं सोडून बघायला आल्या.

चौथ्या खेपेला मेण हललं नाही. दात आधीपेक्षा आखूड होते, थोडे रुंद, बेताचे. कवळी घातल्यावर पहिले आठ दिवस दोन ठिकाणी टोचली. सासूबाईंनी ते दोन्ही वेळा त्याच मिनिटाला सांगितलं, एकदा तर तो कामावर असताना फोन करून, आणि तेही ‘ओय’ एवढं एकच क्रियापद वापरून. त्याने घासून दिली.

त्यानंतर एका सकाळी तो दाढी करत असताना त्याला स्वयंपाकघरातून कर्रकन आवाज आला. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून सफरचंद खात होत्या, फोडी न करता, सालासकट. त्याला पाहून त्या थांबल्या नाहीत. तोही दारातच उभा राहिला, गालावर साबण घेऊन, सफरचंद संपेपर्यंत. मग त्यांनी हात धुतले, फ्रिजपाशी गेल्या आणि उरलेल्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या. ट्रेमध्ये आहेत तोवर खोमेय, त्या म्हणाल्या, आणि तोंडात रुळले की खोडू. हा नियम पुस्तकात नाही, पण असायला हवा. त्याने विचारलं, मग परीक्षेत काय लिहायचं. आपापलं लिहू, असं ठरलं.

परीक्षा वाचनालयातच झाली. सासूबाईंनी लेखी पेपर पाऊण तासात दिला आणि उरलेल्या वेळात प्रश्नपत्रिकेतल्या दोन चुका लाल शाईने दाखवून दिल्या. तोंडी परीक्षेत त्यांनी सेनापतीला प्रतिप्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर चुकल्यावर त्याला समजावून सांगितलं. त्या पहिल्या आल्या. जावई काठावर पास झाला, शंभरात एकावन्न. सहाव्या प्रत्ययावर तो तेव्हाही अडकलाच होता. घरी आल्यावर बायकोने दोघांची प्रमाणपत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि आईला विचारलं की, यांना थोडे तरी मार्क वाढवून द्यायला तू सेनापतीला सांगायला नको होतंस का. त्यावर आईने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिला आपली चौथी इयत्ता आठवली.

नळवाल्यांचे तीन आठवडे पाच महिन्यांनी संपले आणि सासूबाई आपल्या घरी गेल्या. दुसऱ्या पायरीची परीक्षा वर्षभराने होती. दर गुरुवारी कामावरून सुटल्यावर तो त्यांच्याकडे जायचा असं ठरलं.

पहिल्या गुरुवारी त्याने बेल वाजवली. क्लिंगॉन भाषेत नमस्काराला शब्द नाही. ते लोक भेटले की सरळ विचारतात, काय पाहिजे. सासूबाईंनी दार उघडलं आणि घशातून तेच विचारलं.

अकरा वर्षं या दारात उभं राहून तो ‘काही नको, आत्ताच खाऊन आलो’ म्हणत आला होता, बहुतेक वेळा खोटंच. आजही ते तोंडावर आलं होतं. पण त्या भाषेत ते वाक्य त्याला बनवता येईना, फार लांब होत होतं. त्याने सोपं वाक्य बनवलं.

‘भूक लागली आहे,’ तो म्हणाला.

‘पूर्वप्रत्यय बरोबर,’ सासूबाई म्हणाल्या आणि आत जाऊन त्यांनी गॅस पेटवला.